डावी बाजू

ओपल रॅट्लिफची डावी बाजू मला पाठ आहे.
सव्वीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला बसलो,
स्टील गिटार पुढ्यात घेऊन.
उजवी बाजू लोकांची, फोटोवाल्यांची,
रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायची.
माझ्या वाट्याला आली
कर्णफूल नसलेली कानाची पाळी,
केसांत खुपसलेली पितळी पिन,
आणि झालरीची बाही वर गेली की
दंडावरची देवीची खूण.

केंटकीच्या खाणवस्तीतली पोर.
बाप कोळशातून वर यायचा तेव्हा
नुसते डोळेच घरी आल्यासारखे वाटायचे.
रेडिओवर ती पहिल्यांदा गायली
ते पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवरून.
बिदागी : पंचवीस पौंड पीठ.
पिशवीवर फुलं छापलेली होती,
आईनं तिचाच झगा शिवला.
ओपल सांगायची,
माझी पहिली कमाई मी खाल्ली
आणि उरलेली अंगावर घातली.

नॅशव्हिलचा साहेब म्हणाला,
आवाज नाकातून येतो, जरा खाली आण.
ती म्हणाली, नाक माझं आहे,
ते विकायला आणलेलं नाही.
तरी त्यानं रेकॉर्ड काढली.
‘खुर्ची अजून गरम आहे’ –
त्या उन्हाळ्यात प्रत्येक ढाब्याच्या जूकबॉक्समध्ये
ती खुर्ची थंड म्हणून झाली नाही.
त्या पैशातून एक बस आली,
बापाच्या थडग्यावर दगड आला,
आणि नवऱ्याला, हॉइटला, एक मोटारबोट.
जवळचं तळं साठ मैलांवर.
हॉइट हिशेब बघायचा,
म्हणजे हिशेबाकडे बघत बसायचा.

मग ते दिवस गेले.
का गेले हे मला विचारू नका, मी वादक आहे.
पुढे जत्रांतून गायलो,
डुकरांची बक्षिसं वाटून झाली की आमचा नंबर.
समोर चाळीस माणसं, त्यांतली निम्मी मक्याची कणसं खाणारी,
आणि ही गायची जणू प्रत्येकाच्या घरी
आज सकाळीच कुणीतरी गेलंय.
नंतर बसमध्ये सार्डिनचा डबा,
बोटं चाटत एकच तक्रार, रोजची :
‘रेटून वाजव रे, एल्झी.’
मी मनात म्हणायचो,
बाईला गळा आहे, कान नाही.

दुसऱ्या गाण्याला ती डावा बूट काढायची.
मला वाटायचं, कुरूप झालंय.
गिटारच्या पेटीत मी सव्वीस वर्षं
कुरपाच्या पट्ट्या बाळगल्या,
तिनंही कधी नको म्हटलं नाही.

मार्चमध्ये तिला मातीत ठेवलं.
चर्चच्या तळघरात बटाट्याची कोशिंबीर वाढताना
तिची बहीण लूडी सहज म्हणाली,
सहाव्या वर्षी सुरुंगाच्या टोपीशी खेळली ना,
तेव्हाच डावा कान गेला तिचा.
तुला ठाऊक नव्हतं?

आपण म्हणतो, या कानानं ऐकावं,
त्या कानानं सोडून द्यावं.
हिला सोडायला तो कानच नव्हता.
साहेब, हॉइट, खाणीचा भोंगा –
जे आत शिरलं ते आतच राहिलं,
गळ्याखेरीज वाट नव्हती त्याला.

आणि मला तिनं त्या बाजूला बसवलं.
माझे ते घसरते सूर, ज्यांच्यासाठी मी
पोलादी कांडी रात्र रात्र पुसत बसायचो,
ते सगळे त्या बंद दाराशी.

काल रात्री मी बूट काढला.
स्पीकर लाकडी जमिनीवर आडवा ठेवला
आणि वाजवलं, नेहमीसारखं, हळुवार.
तळव्याला काहीच कळलं नाही.
मग रेटलं.
तेव्हा कुठे फळ्यांतून काहीतरी चढलं,
पोटरीपर्यंत,
गुडघ्याशी थांबलं.

इतकी वर्षं
मी फारच नाजूक वाजवत होतो.