एका दिवसाचे सेकंद

सोरूच्या धक्क्यावर, मासळीच्या काट्याशेजारी
माझी पेटी आहे. बत्तीस बिटांची, झाकणाला चिकटपट्टी.
वारा मोजते, पाण्याची पातळी,
हिवाळ्यात बर्फाची जाडी,
आणि फेरीच्या कप्तानाला कळवते.

काल मुख्य भूमीवरून कारेल आला,
बुटांसकट थेट आत.
"हेल्वे, सगळी दुनिया सिस्टमडीवर गेली.
तू अजून रनिट कवटाळून का बसलीस?"
मी म्हटलं, आधी बूट.

मग दाखवलं त्याला.
एकेका कामाचा एकेक कप्पा,
कप्प्यात दोन-तीन ओळींची चिठ्ठी:
काय सुरू करायचं, बस.
प्रत्येक कप्प्याला राखणदार एक.
काम पडलं की सेकंदभर दम खातो
आणि त्याला परत उभं करतो.
का पडलास, विचारत नाही.
या राखणदारांवर आणखी एक,
दर पाच सेकंदांनी कप्पे मोजत फिरणारा.
आणि सगळ्यांच्या वर क्रमांक एक,
ज्याला जवळजवळ काहीच येत नाही.
आईबाप आधी गेले त्यांना ओटीत घेतो,
संपले त्यांची नोंद करतो;
ती झाली नाही तर ते यादीत तसेच राहतात,
ना कामाचे, ना गेलेले.
एरवी झोपून असतो. मला आवडतो तो.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," कारेल म्हणाला.
असेल. त्याचं एकच मोठं धड
शाळेच्या संगणकांवर आहे, चांगलं चालतं, मीच बसवून दिलं.
पण चिंधी उसवली
तर कुठे ते अंधारातसुद्धा बोटाला लागतं.
आणि इथे वीज नोव्हेंबरात जाते.

बघ, म्हणून मी सगळ्यांची हजेरी घेतली.
वारा: चालू, एक्केचाळीस दिवस.
पातळी: चालू, एक्केचाळीस दिवस.
बर्फ: बंद, सांगून बंद केलेलं.
टीर: चालू, शून्य सेकंद.

परत विचारलं.
टीर: चालू, शून्य सेकंद.
दर खेपेला अंक नवा, वय तेच.

टीर म्हणजे उलोची होडी.
माझ्या भावाने तिच्यावर छोटा रेडिओ बसवला होता,
किनाऱ्यावरून हाक गेली की
होडी आपला ठावठिकाणा सांगायची.
उलो गेला त्याला चार वर्षं झाली.
होडी पार्नूच्या कुणी घेतली, रेडिओ काढून टाकला.
कप्पा तेवढा मी विसरले.
हाक जायची, उत्तर नाही, काम पडायचं,
राखणदार सेकंदभर थांबायचा,
उभं करायचा.
कारेलने पाटीच्या कोपऱ्यावर गुणाकार केला:
बारा कोटींच्या वर.
मग खडू ठेवला आणि बराच वेळ
हात पँटला पुसत राहिला.

"सोपं आहे," शेवटी म्हणाला, अगदी हळू.
"डाउन म्हण त्याला. कप्प्याचा दुवा काढ."

मला माहीत आहे सोपं आहे.
हे मला उलोनेच शिकवलं, याच बाकावर,
लेस्त मासा सोलता सोलता,
कळफलकाला अजून वास येतो.

काम पडल्यावर वाचायची
आणखी एक चिठ्ठी ठेवता येते कप्प्यात.
तिच्यात मी एकच ओळ लिहिली:
छ्याऐंशी हजार चारशे सेकंद झोप.
फाइलला चालायची परवानगी दिली.
आधी विसरले होते, कारेलने आठवण केली.

तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.
आता रोज त्याच सुमाराला एक हाक जाईल,
दिवसाला सेकंद-दोन सेकंद उशिरा सरकत.
वर्षाने पावणेपाच होतील, फार तर.

कारेलला धुरावलेला मासा बांधून दिला.
फेरी सुटायला वेळ होता, तरी तो दारात
बुटांच्या नाड्या दोनदा बांधत होता.
"बर्फाचं काम कधी सुरू करतेस?"
बर्फ पडल्यावर, मी म्हटलं.