फाटक

काल शिफ्ट सुटली तेव्हा
कळमन्याचं फाटक बंद होतं.
चकोले वाकला, मग बुरडे, मग माझी मान
मला न विचारताच खाली गेली.
इंजिनाचा दिवा दिसत होता, लिंबाएवढा.
"अबे, भल्ली दूर आहे," कोणीतरी म्हणालं.
कोण, ते आजही आठवत नाही.
आवाज आमचाच होता, एवढं खरं.
पलीकडे पोचून हसलो तेव्हा
डब्यातली उरलेली भाजी पँटवर गळत होती.

आज दवाखान्यासाठी अर्धी सुट्टी.
मे महिना, दुपारचे दोन,
दुपट्ट्यातून फक्त डोळे उघडे.
तेच फाटक. दोन्हीकडे रूळ रिकामे,
उन्हात थरथरणारे.
मी उभा. पाच मिनिटं. मग वीस.
दांडा छातीएवढा उंच,
खालून बकरी गेली, तिची पिल्लं गेली.

गेटमन मडक्यातून पाणी घेत ओरडला,
"काहून भाऊ, आज काय झालं? काल तर..."
"काल अकरा जण होतो," म्हणालो,
जसं काही मरणही
पावपाव वाटून घेतलं असतं.

मग मालगाडी आली. कोळशाची, सावकाश.
डबे मोजत राहिलो.
अठ्ठावन्न.
अकरानं भाग जात नाही.