रेर

लिफ्ट बंद. ऑरिन पाच मजले चढून आला,
दारातच अवजारांची पिशवी आपटून म्हणाला,
"बाई, किती श्लेप करायचं माणसानं!"

गयानाचा माणूस. मानेवर घाम, हातात पाना
आणि तोंडात माझ्या बहिणीचा शब्द.

श्लेप.
खाये-सोरे असंच म्हणायची
सरपणाची मोळी बर्फातून ओढत आणताना.
दम लागून शब्दाचे दोन तुकडे पडायचे.
तेव्हा त्यात गंमत नव्हती. नुसतं ओझं होतं.

"कुठे शिकलास हे?"
सिंकखाली आडवा होत म्हणाला, "मालकाकडून."
मालक सिसिलीचा.
त्याला कुणी दिला, कोण जाणे.
पान्यासारखा हातोहात फिरला असेल,
दांड्यावरचं नाव घासून गेलं असेल.

दुपारभर तो बोलत राहिला, पाइपशी, माझ्याशी.
आधीचा प्लंबर म्हणे श्मक होता.
मी कानांवर हात ठेवले.
या शब्दाला माझे वडील थोबाड फोडायचे,
इथे शाळकरी पोरं बसमध्ये उधळतात.
गाळाला म्हणाला श्मुट्झ.
पाना बोटावर पडला तेव्हा स्वतःलाच, क्लट्झ.
मी भाड्याचं रडगाणं लावलं, तर हसला,
"क्वेच नका करू, बाई."
अरे, आमच्यात क्वेच म्हणजे पिळणं.
ओलं फडकं पिळतात ना, तसं.

रेगो पार्कात माझ्याशी त्या भाषेत बोलायला
एक झेलिकोविच होते, तेही मार्चमध्ये गेले.
आणि हे शब्द बघा, सासरी कसे रुळलेत,
माहेरचं आडनाव विसरून, अंगानं भरलेले.

मग लक्षात आलं, लोकांनी नेलं ते काय:
ओढणं, कुरकुरणं, धडपडणं,
मूर्खांच्या चार-पाच जाती,
येता-जाता तोंडात टाकायचं काहीबाही.
चमचा नाही नेला. लेफल.
खिडकी नाही. फेन्स्टर.
बहीण तर कुणीच नेली नाही.

"झालं." ऑरिननं नळ सोडला.
पाणी आधी खोकलं, मग तांबूस आलं, मग नितळ.
"तुमच्या भाषेत पाइपला काय म्हणतात?"

किती वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.
आणि मला आठवेना.
भांडी घासायच्या तारेकडे बघत उभी राहिले,
त्र्याण्णव वर्षांची, फळ्यासमोरच्या पोरीसारखी.
पावती लिहून झाली. पैसे मोजून झाले.
तो निघाला.

तिसऱ्या मजल्यावर पोचला असेल,
तेव्हा कठड्यावरून वाकून मी ओरडले,
"रेर!"

"काय?"

"रेर! पाइप!"

"रेअर," खालून आलं, चुकीचं, गयानाच्या चालीत.
पिशवी पायऱ्यांवर ठक ठक आपटत गेली.
मी दार लगेच लावलं नाही.