मुभा

रामबागेतल्या ऑफिसातून निघालो तेव्हा
हातात स्टीलचा डबा होता, छत्री,
आणि माझ्या पैशांनी घेतलेली एक टेप.
पेन ड्राइव्ह नव्हता. मुद्दाम सांगतो,
कारण त्या आठवड्यात सगळ्यांनी तेच विचारलं,
बायकोनंही, मेथी निवडता निवडता:
"अकरा वर्षांची मापं, काहीच नाही आणलंस?"

ऊन माझं होतं, सांवेर रोडचं.
टाचेत मोडलेला बाभळीचा काटा माझा.
वह्या मुळ्येसाहेबांच्या.
असं तिला म्हणालो, जरा जोरातच,
मलाही ऐकू यावं म्हणून.

मुळ्ये एवढंच म्हणाले होते,
"माझी माणसं आपणहून आली तर घे. फोन करू नकोस."
आणि कट चहा मागवला. एकच.

मशीन भाड्याचं, दिवसाचे पंधराशे.
पेंटर अक्षरावर पैसे घेई,
म्हणून पाटीवर नुसतं 'हिरवे सर्व्हे'.
असोसिएट एकच, प्रिझम धरणारा गोलू.

फोन मी कुणालाच केला नाही.
पण ज्या लग्नाला बद्रीलाल पाटीदार येणार हे ठाऊक होतं
त्या लग्नाला गेलो,
आणि जेवणाच्या रांगेत बरोबर त्याच्या मागे उभा राहिलो.

तो आपणहून आला.
"भिया, मुळ्येजी तो अब बूढ़े हो गए, तुम नाप दो."

रंगवासाला उजाडताना मशीन लावलं.
बुडबुडा मधोमध आल्याशिवाय डोळा लावायचा नाही,
हे मुळ्यांचंच. दगडही त्यांनीच पुरलेला,
वर छिन्नीची फुली.
जमिनीत गेलेला दगड सगळ्यांचा,
कपाटातली वही मालकाची, असं ठरवून
फुलीवरून निघालो, चार कोपरे घेऊन फुलीवर आलो.
दोन सेंटीमीटरात जुळलं.

जुळलं नाही ते जुन्या नकाशाशी.
पूर्वेची कड सहा फूट आत.

पाटीदारला हर्ष मावेना.
"लिहून दे, मुळ्येंचं चुकलं. मी बाकीच्यांना दाखवतो."
बाकीचे म्हणजे बिचोलीचे दोघे भाऊ,
खंडवा रोडचा शाळावाला.
म्हणजे मशीनचं वर्षाचं भाडं.

नकाशावर सही मुळ्यांची.
पण मला ती पौषातली संध्याकाळ आठवली,
मशीन बंद पडलेलं, टेपनं घेतलेलं माप,
बोटं गारठलेली.
सत्तेचाळीस.
तेव्हा मी सातला आडवी रेघ देत नसे.

रामबागेचा जिना चढलो.
मुळ्यांनी वही तीन मिनिटांत काढली,
चष्मा कपाळावर ढकलून आकड्यावर बोट ठेवलं,
आणि वही माझ्याकडे फिरवली.
"सात माझा," मी म्हणालो.
"सही माझी," ते म्हणाले.
चहाचं कुणीच विचारलं नाही.

दुरुस्त नकाशा त्यांनी स्वतः नेऊन दिला,
पैसे न घेता, रिक्षानं, गुडघे दुखत असताना.
पुढचं काम पाटीदारनं
खजराण्याच्या कुणा तिसऱ्यालाच दिलं.

लग्नातल्या रांगेचं मी त्यांना सांगितलं नाही.
निघालो त्याच खुणेवर परत आलं
तरी थोडंसं कमी पडतंच,
पुस्तकात त्याला मुभा आहे.
किती, ते जमिनीच्या भावावर ठरतं.