पडणाऱ्या माणसाची अकरावी आवृत्ती

ग्दीनियात नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो.
मी टेबलावरचा दिवा लावते
आणि एका माणसाला
पुन्हा शिडीवरून ढकलते.

पिवळा त्रिकोण, आत काळी आकृती.
डोकं म्हणजे धडापासून सुटलेलं वर्तुळ,
हातपाय जाड रेघांचे, टोकं गोल.
नाव नाही, वय नाही, दात नाहीत.
जगभरच्या दोनशे चाळीस धक्क्यांवर
तो असाच पडणार आहे.
कंपनी मोठी आहे.

इतकी मोठी, की तिच्यात मला ओळखतो
फक्त एक नऊ आकडी पुरवठादार क्रमांक,
आणि रॉटरडॅमची फेमके,
जी प्रत्येक मेलच्या शेवटी
हसरा सूर्य टाकते,
आणि त्याच्या वर लिहिते:
'चौथी आवृत्ती छानच. फक्त तो जरा
मेल्यासारखा वाटतोय.'

पाचवीत मी त्याला जिवंत केला.
'आता नाचतोय,' कायदा विभाग म्हणाला.
सहावीत कोन पंधरा अंशांनी उतरवला,
तर पठ्ठ्या नुसता रेलून उभा,
बसची वाट बघत असल्यासारखा.
सातवीत विमा विभागाला शिडीच नको झाली.
शिडी दिसली, की शिडी कुणाची
हा प्रश्न येतो.
मी शिडी काढली.
आता तो कशावरूनच पडत नव्हता.
नुसता पडत होता.

रविवारी बाबा येतात, बरणीत बिटाचं सूप घेऊन.
उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर, मग दम.
तिसऱ्या मजल्यापर्यंत सूप निवलेलं असतं.
चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनला नाक लावतात.
'कोण हा?'
'कुणीच नाही. तेच तर हवंय त्यांना.'
'हात का पसरलेत?'
'पडतोय ना.'
'पडताना कोण हात पसरतो?'
म्हणाले, आणि बसले खुर्चीत,
नेमके माझ्या पेनावर.

'माझ्या हातात बत्तीसचा पाना होता.
अठ्ठ्याऐंशी साल. सहा नंबरचा धक्का,
शिडीच्या दांड्यांवर बर्फ.
वरून खाली येईस्तोवर डोक्यात एकच,
पाना सुटता कामा नये.
हरवला तर पगारातून कापायचे.'

'मग?'

'मग काय. पाय गेला.
पाना आहे अजून, तळघरात.'

हे त्यांनी मला चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.
मी विचारलं होतं का, आठवत नाही.

रात्री मी आकृतीच्या हातात पाना दिला.
आठवी आवृत्ती.
या वेळी सूर्य आला नाही.
'अवजारामुळे कामगाराचा निष्काळजीपणा सूचित होतो.
कृपया काढावे. ही दुरुस्ती
ठरलेल्या मानधनातच धरावी.'

काढला.
पण हात पुन्हा पसरला नाही,
कोपरात दुमडलेलाच ठेवला, छातीशी,
आणि त्याचं टोक दोन पिक्सेलनी जाड केलं.
मूठ म्हणावं तर मूठ.
नववी, दहावी, अकरावी पिवळ्या रंगात गेल्या:
लिंबाचा पिवळा की अंड्याचा,
तीन बैठका, चौदा माणसं.
हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पैसे नव्वद दिवसांनी, करारात लिहिलेलं.
एकशे बारा लागले.
मधल्या बँकेने थोडे कापले,
एखादा पाना येईल इतके.

मार्चमध्ये आम्ही बंदराच्या कुंपणाकडेने चाललो होतो,
त्यांच्या चालीने, म्हणजे सावकाश.
चार नंबरच्या फाटकावर तो होता.
पिवळा अंड्याचाच ठरला होता.
बाबा थांबले. वारा समुद्रावरून येत होता,
त्यांनी टोपी एका हाताने धरली
आणि बराच वेळ बघत राहिले.

'धरलाय,' म्हणाले.

मग पाटीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं:
'चौथा स्क्रू कुठंय?
कापतील बघ कुणाच्या तरी पगारातून.'