तूट

नळीचं तोंड रशीद मिस्त्रींनी बंद करून दिलं,
भुसावळचे, एरवी शाळांसाठी पिपेट ओढतात.
आत चिमूटभर काळं.
साठ कार्बनांचा एकेक चेंडू,
आणि चेंडूंच्या फटींत कोंबलेलं पोटॅशियम.
हवा लागली की संपलं.
ज्योत विझवत मिस्त्री म्हणाले,
"लोणच्याची बरणी बरी, उघडता तरी येते."

आप्पांनी फोनवर विचारलं,
म्हणजे आपलं केळीचं पोटॅश?
तेच. एका चेंडूला तीन.
"आन् चार टाकले तं?"
चार टाकले तर वीज वाहायचीच थांबते.
ते समाधानानं हसले,
जणू वाघोद्याच्या मळ्यात हे त्यांनी कधीच पाहिलं होतं.

बाहेर जळगाव पंचेचाळीसवर.
बांभोरीच्या पुलाखाली गिरणेत नुसती वाळू.
आत, अकरा तास पुरेल एवढं हेलियम.
एकोणीस केल्विनच्या खाली उतरलो
आणि मी उजेड टाकायला लागले,
डोळ्यांना न दिसणारा, उबेच्या जातीचा,
आधी सोन्याच्या आरशावर, मग नमुन्यावर.
किती परतला, किती मुरला.

रात्री दोनला
पन्नासच्या डावीकडे रेघ तळाला टेकली.
इलेक्ट्रॉनांची जोडी तुटावी
एवढी ताकदच नव्हती त्या उजेडात.
सगळा परतला.
दारावरून गेलेल्या पाहुण्यासारखा, असं लिहिणार होते,
पण पाहुणा थोडा तरी रेंगाळतो.

मग बेरीज.
थंड होण्याआधीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ,
आणि नंतरचं.
जुळेना.
तीनदा केली.
सावद्याचा फलाट आठवला, केळीच्या वॅगनी,
काट्यापाशी आप्पा, कानावर पेन्सिल,
व्यापारी ओरडतोय, तूट कुणी खाल्ली?
आप्पा पानांचं वजन मांडायचे, दांड्यांचं,
वाटेत सुकलेल्या पाण्याचं.
"तूट कुठी जात नाही माय.
काट्यावर नसते, एवढंच."

माझीही गेली नव्हती.
शून्यावर उभी होती,
एकाच रेघेत, जाडी नसलेली, सगळीच्या सगळी,
जिथं माझं यंत्र पोचतच नाही.
तिथूनच ती वाहते, कुठं न अडता.

साडेतीनला लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला, तिसऱ्यांदा नाही.
नमुना हळूहळू गरम व्हायला लागला.
मोबाईलच्या उजेडात वहीत लिहिलं: तूट,
समोर आकडा.
सकाळी आप्पांना सांगेन.
ते विचारतील,
किलोत किती?