आडव्या टाकीची काठी

टाकी आडवी. मोडीत निघालेल्या डेअरीची,
नवापूरहून ट्रॅक्टरवर आणलेली.
तिच्यापुढे पट्टी खोटी पडते:
तळाशी बोटभर शिंदीची नीरा म्हणजे तीन लिटर,
पोटाशी तेच बोट सोळा.

जालमसिंग वळवीनं गणित मांडलं नाही.
पाच लिटरच्या कॅननं पाणी ओतत गेला,
दर कॅनला बांबूवर कोयत्याची एक खाच.
सत्तराच्या पुढे कुणीतरी हाक मारली, आकडा निसटला.
कॉक उघडून सगळं सोडलं,
पुन्हा एकपासून.

एकशे चार खाचा. तळाला विरळ,
मधे मुंग्यांच्या रांगेसारख्या,
वर परत विरळ.

आता काठी ठुमीच्या हाती.
माघातली पहाट, विजेरी नाही,
फेसाखालची ओल ती अंगठ्यानं चाचपते.
फेस मोजायचा नाही, एवढंच सासऱ्यानं बजावलेलं.

"कितलं शे?" भट्टीपाशी जाळ सारत
शिंदखेड्याचा गुळव्या विचारतो.
एकसष्टावी खाच.
"तीनशे पाच."

मग काठीचं टोक ती जिभेला लावते.
जरा थांबते.
आंबटाला खाच नाही.
"कढई लवकर चढव," म्हणते,
आणि वहीत नुसतं तीनशे पाच लिहिते.